796 घन सेंटिमीटरचे इंजिन : तांत्रिक तपशील आणि विश्वासार्हता

प्रस्तावना

14 डिसेंबर 1983 रोजी दिल्ली येथे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते मारुती 800 या मोटारीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती देण्यात आली. 18 जानेवारी 2014 रोजी या गाडीचे उत्पादन थांबले. तीस वर्षांच्या या कालखंडात 28 लाखांहून अधिक गाड्या गुरगावच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. या गाडीने भारतीय मध्यमवर्गाच्या जीवनात घडवून आणलेल्या परिवर्तनाविषयी विपुल लेखन झालेले आहे. तिच्या पुढच्या झाकणाखाली बसवलेल्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

अँबॅसडर आणि फियाट या गाड्यांची सवय झालेल्या पिढीला 1983 मध्ये एक प्रश्न साहजिकच पडला होता. 1489 आणि 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनांच्या जागी अवघे 796 घन सेंटिमीटरचे इंजिन कितीसे टिकणार? लहान इंजिन म्हणजे सतत ताणाखाली राबणारे आणि म्हणून अल्पायुषी इंजिन, हा समज आजही सुशिक्षित वर्गात आढळतो. प्रत्यक्षात ही इंजिने दीर्घकाळ चालली. त्यांचा विश्वासूपणा जवळजवळ म्हणीसारखा झाला. त्याचे कारण तांत्रिक तपशिलाच्या कोष्टकात शोधू गेल्यास मात्र हाती फारसे काही लागत नाही, कारण त्या कोष्टकात ‘विश्वासार्हता’ नावाची ओळच नसते. कोष्टकातील आकडे आणि विश्वासार्हता यांचा नेमका संबंध काय, आणि तो कोठे संपतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन सिलिंडरांचा हिशेब

‘एफ 8 बी’ या सांकेतिक नावाचे हे इंजिन जपानमधील सुझुकी कंपनीचे. जपानमध्ये लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग कायद्याने ठरवलेला आहे. 1976 मध्ये त्या वर्गातील इंजिनाची कमाल मर्यादा 360 वरून 550 घन सेंटिमीटर करण्यात आली. सुझुकीचे 543 घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे चार धावांचे इंजिन त्या चौकटीतले होते. त्याचा सिलिंडर 62 मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव 60 मिलिमीटर. त्याच घराण्यातील 796 घन सेंटिमीटरच्या इंजिनात व्यास 68.5 आणि धाव 72 मिलिमीटर झाली. भारतात आलेले इंजिन हे दुसरे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाटच्या, म्हणजे पुढील काळातील प्रीमियर पद्मिनीच्या, इंजिनाचा व्यास 68 आणि धाव 75 मिलिमीटर होती. व्यास आणि धाव यांवरून गणित केले तर फियाटच्या एका सिलिंडरचे घनमान सुमारे 272 आणि मारुतीच्या एका सिलिंडरचे सुमारे 265 घन सेंटिमीटर भरते. म्हणजे ज्याला ‘छोटे’ म्हणून हिणवले गेले त्या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर फियाटच्या सिलिंडरएवढाच होता. फक्त चारांऐवजी तीन होते. असे असूनही दोहोंची शक्ती साधारण 40 अश्वशक्तीच्या आसपासच होती.

एक सिलिंडर कमी करूनही शक्ती राखता आली याचे महत्त्वाचे कारण झडपांच्या रचनेत आहे. फियाट आणि अँबॅसडर यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली, ठोकळ्याच्या बाजूला असे आणि झडपांपर्यंत हालचाल पोचवण्यासाठी लांब दांड्या वापरल्या जात. या दांड्यांचे वजन दर फेऱ्याला वरखाली फेकावे लागते; वेग वाढला की झडपा वेळेवर मिटेनाशा होतात. एफ 8 बी मध्ये एकच कॅमशाफ्ट सिलिंडर हेडमध्ये वर बसवलेला असून तो दातेरी पट्ट्याने फिरतो. दांड्या गेल्या, वजन गेले आणि इंजिन मिनिटाला 5500 फेऱ्यांपर्यंत सहज श्वास घेऊ लागले. प्रत्येक सिलिंडरला दोन, अशा एकूण सहाच झडपा.

तीन सिलिंडरांची एक किंमत मात्र द्यावी लागते. क्रँकशाफ्टवरील तीन कोपर 120 अंशांच्या अंतरावर असल्याने वरखाली होणाऱ्या बलांचा तोल साधला जातो, परंतु पहिला आणि तिसरा सिलिंडर मधल्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे इंजिनाला लांबीच्या दिशेने डुलवणारे बलयुग्म शिल्लक राहते. शिवाय चार सिलिंडरांत दर 180 अंशांना एक स्फोट होतो, येथे तो 240 अंशांनी होतो. गाडी उभी असताना जाणवणारी ती ओळखीची थरथर या दोन गोष्टींतून येते. अनेक मालक तिला बिघाड समजत आणि ट्यूनिंग करून घेत. वास्तविक ती रचनेचा भाग होती. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ती जुनी होऊन कडक झाली की थरथर वाढते एवढेच.

आकड्यांमागील ताण

इंजिनावर किती ताण पडतो हे केवळ घनमानावरून ठरत नाही. अभियंते त्यासाठी पिस्टनचा सरासरी वेग पाहतात. 72 मिलिमीटरच्या धावेला मिनिटाला 5000 फेऱ्यांवर हा वेग सेकंदाला 12 मीटर येतो. शहरात नेहमीच्या 2500 फेऱ्यांना तो 6 मीटरवर उतरतो. फियाटचा पिस्टन तेच 12 मीटर 4800 फेऱ्यांना गाठतो. म्हणजे सिलिंडरच्या भिंतींची आणि रिंगांची झीज ज्या वेगावर अवलंबून असते, त्या बाबतीत दोन्ही इंजिने जवळपास एकाच पंक्तीला बसतात.

दुसरा निकष म्हणजे टॉर्क, सोप्या भाषेत पीळ. इंधन अंतःक्षेपणाच्या म्हणजे एमपीएफआय आवृत्तीसाठी 37 अश्वशक्ती 5000 फेऱ्यांना आणि 59 न्यूटन-मीटर पीळ 2500 फेऱ्यांना असे आकडे दिले जात. यातली दुसरी संख्या अधिक बोलकी आहे. कमाल पीळ इतक्या खालच्या वेगाला मिळतो याचा अर्थ चालकाला इंजिन ओरडेपर्यंत ताणण्याची गरजच पडत नाही. 2000 साली आलेल्या ऑल्टोमध्ये याच घनमानाचे पण प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेले इंजिन होते. त्याची शक्ती 47 अश्वशक्ती, परंतु ती 6200 फेऱ्यांना. कागदावर हे दुसरे इंजिन निर्विवाद सरस. तरीही तुलनेने सौम्य असे सहा झडपांचे इंजिन मारुती 800 मध्ये अखेरपर्यंत टिकून राहिले.

आणि वजन? मारुती सुमारे 650 किलो, पद्मिनी सुमारे 900 किलो. एका अश्वशक्तीने पहिल्या गाडीत साधारण 16 किलो ओढायचे, दुसऱ्या गाडीत 22 किलो. ‘लहान इंजिनाला जास्त राबावे लागते’ हे विधान गाडी तेवढीच जड असेल तरच खरे ठरते. येथे इंजिनाबरोबर गाडीही हलकी झाली होती, आणि टीकाकारांनी नेमके तेच लक्षात घेतले नाही.

संपीडन गुणोत्तर 8.7 ठेवण्यातही असाच संयम दिसतो. त्या काळी देशात सर्रास मिळणारे पेट्रोल 87 ऑक्टेनचे होते. गुणोत्तर वाढवले असते तर शक्ती आणि ॲव्हरेज दोन्ही किंचित वाढली असती, पण भेसळीच्या किंवा हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागले असते.

तापमान : दुबळा दुवा

या इंजिनाचा खरा शत्रू वेग नव्हे, उष्णता. सिलिंडरचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. 30 सेंटिमीटर लांबीचे हेड नेहमीपेक्षा 80 अंश सेल्सिअसने अधिक तापले, तर दोन धातूंच्या प्रसरणातील फरक सुमारे 0.29 मिलिमीटर होतो. हेड बोल्टांनी जखडलेले असते. त्याला सरकायला जागा नसते, म्हणून ते वाकते. त्याच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये असलेले गॅस्केट या ओढाताणीत फुटते. मग पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागतात.

गाडी घाट चढत असताना किंवा शहरातल्या वाहनकोंडीत तापते, याचे कारण बहुधा इंजिनात नसून त्याच्या साहाय्यक भागांत असते. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापल्यावर त्याला सुरू करणारा एक लहानसा उष्णतासंवेदी स्विच असतो. तो बिघडला की पंखा फिरत नाही. किरकोळ किमतीच्या या भागामुळे संपूर्ण हेड उतरवण्याची वेळ येते. वाकलेल्या हेडला फेसिंग करून घेणे, म्हणजे यंत्रावर त्याचा तळ घासून सपाट करणे, हा गॅरेजमधील नित्याचा उपाय. त्याचाही परिणाम मोजता येतो. 0.3 मिलिमीटर धातू काढला तर ज्वलनकक्षाचे घनमान साधारण एक घन सेंटिमीटरने घटते आणि 8.7 चे गुणोत्तर 8.9 च्या पुढे जाते. एकदा फेसिंग झाले तर बिघडत नाही. दोन-तीनदा झालेले हेड मात्र ठोके देण्याच्या सीमेवर येऊन उभे राहते.

गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिचे समर्थन करणे कठीण आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडीत बराच काळ गारच राहते. थंड भिंतींवर पेट्रोल घट्ट होऊन ऑइलमध्ये झिरपते आणि रिंगांची झीज वाढते. तापण्याच्या भीतीपोटी झिजण्याचा मार्ग पत्करला जातो.

विश्वासार्हता कशी मोजावी

अभियांत्रिकीत विश्वासार्हता म्हणजे ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ, बिघाडाविना काम करण्याची संभाव्यता. एकामागून एक जोडलेल्या भागांपैकी कोणताही एक थांबला की यंत्र थांबते. अशा वेळी सर्व भागांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा लागतो. प्रत्येक भागाची विश्वासार्हता 0.99 धरली तर अशा 10 भागांच्या साखळीची 0.90 आणि 50 भागांच्या साखळीची अवघी 0.60 येते. एक सिलिंडर, दोन झडपा, एक प्लग, एक पिस्टन आणि त्याच्या रिंगा कमी असणे म्हणजे या गुणाकारातील काही संख्या कायमच्या पुसल्या जाणे.

परंतु बिघाडाचे वय सारखे नसते. स्वीडिश अभियंता वायबुल यांनी 1951 मध्ये मांडलेल्या वितरणाच्या साहाय्याने बिघाडांचे तीन टप्पे वेगळे ओळखता येतात. प्रारंभी उत्पादनातील दोषांमुळे होणारे, मध्यंतरी योगायोगाने होणारे आणि अखेरीस झिजेमुळे वाढत जाणारे. दशकानुदशके एकच इंजिन लाखोंच्या संख्येने तयार होत राहिले की पहिला टप्पा जवळजवळ नाहीसा होतो. 28 लाखांचा आकडा व्यापारी यशाचा म्हणून सांगितला जातो. तो विश्वासार्हतेचाही आकडा आहे.

तथापि गाडी बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आणखी वेगळा असतो. गाडी किती वेळा बंद पडते यापेक्षा ती किती दिवस बंद राहते, हा तो प्रश्न. याला शास्त्रात ‘उपलब्धता’ म्हणतात. उदाहरणादाखल, एक गाडी दर 100 दिवसांनी बिघडते आणि अर्ध्या दिवसात दुरुस्त होते, तर तिची उपलब्धता 99.5 टक्के. दुसरी गाडी 400 दिवसांतून एकदाच बिघडते, पण सुटा भाग मिळेपर्यंत 8 दिवस उभी राहते. तिची 98 टक्के. चौपट कमी बिघडणारी गाडी मालकाला मात्र अधिक अडचणीत टाकते. तालुक्याच्या गावीसुद्धा मारुतीचा फॅनबेल्ट, पॉइंट, क्लच प्लेट आणि गॅस्केट संच मिळत असे, आणि ते बसवणारा मिस्त्रीही. या इंजिनाच्या लौकिकातील मोठा वाटा त्या दुकानांचा आणि त्या हातांचा आहे, आणि तो कोणत्याही कोष्टकात नोंदलेला नाही.

कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय

सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 मधील आदेशामुळे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात 1 एप्रिल 2000 पासून युरो 2 ही प्रदूषण मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. बीड आणि ॲल्युमिनियमचे तेच इंजिन आता संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल घेऊ लागले.

हा बदल विश्वासार्हतेच्या दृष्टीने सरळसोट प्रगती होता, असे म्हणता येत नाही. कार्ब्युरेटर हळूहळू बिघडतो. आधी सकाळी सुरू व्हायला वेळ लावतो, मग धूर काढतो, मग ॲव्हरेज घटते. पॉइंट झिजले की गाडी धक्के देऊ लागते. या सर्व पूर्वसूचना असतात आणि फीलर गेज, पान्हा व कान एवढ्या साधनांवर त्यांचा बंदोबस्त होतो. एमपीएफआय प्रणाली क्वचितच बिघडते, पण बिघडते तेव्हा बहुधा सूचना न देता. एखादा संवेदक निकामी झाला किंवा तारांचा जोड गंजला की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत इंजिनापेक्षा हे जोडच आधी दगा देतात. बिघाडांची संख्या घटली. दुरुस्तीचे ज्ञान मात्र मिस्त्रीच्या हातून निसटले.

इंधन बदलते तेव्हा

इंजिन तेच राहिले तरी त्याची विश्वासार्हता बदलू शकते, हे इंधनाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पेट्रोलमधील शिसे हवेला विषारी करत होते, पण झडपांच्या बैठकीवर मऊ थर धरून तिचे रक्षणही करत होते. अँबॅसडरच्या जुन्या 1489 घन सेंटिमीटरच्या इंजिनात, ज्याचे हेड बिडाचे होते, या बैठका झिजण्याचा धोका त्यामुळे वाढला. मारुतीच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका वेगळ्या बसवलेल्या असल्याने तिला या बदलाची झळ फारशी लागली नाही.

यानंतरचा बदल मात्र तिला टाळता येण्यासारखा नाही. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि 2025 पर्यंत तेच सर्वत्र नेहमीचे पेट्रोल झाले. या इथेनॉलचा मोठा हिस्सा उसापासून येतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातील साखर कारखान्यांना त्यातून आधार मिळतो आणि आयात तेलावरील खर्च वाचतो, ही बाजू दुर्लक्षिता येणार नाही. परंतु 2014 मध्ये उत्पादन थांबलेल्या गाडीची रचना या मिश्रणासाठी झालेली नव्हती, हेही तितकेच खरे.

इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे 35 टक्के प्राणवायू असतो. त्यामुळे त्याच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला हवेचे 9 भाग पुरतात, पेट्रोलला 14.7 लागतात. 20 टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण 13.5 च्या जवळपास येते. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे एक पक्के छिद्र. त्याला इंधन बदलल्याचे कळत नाही. तो पूर्वीएवढेच इंधन सोडतो आणि मिश्रण सुमारे 8 टक्क्यांनी पातळ होते. निष्क्रिय वेगाला इंजिन अडखळते, थंडीत सुरू व्हायला कुरकुरते, आणि चढावर पूर्ण भार असताना अधिक तापते. तापणे हाच या इंजिनाचा दुबळा दुवा आहे, हे वर पाहिलेच. ज्या एमपीएफआय गाडीच्या धूरनळीत प्राणवायूचा संवेदक असतो, ती आपल्या मर्यादेत इंधनाचे प्रमाण वाढवून घेते. येथे संगणकाने मिस्त्रीवर मात केली, हे मान्य करावे लागते.

ॲव्हरेजमधील घट अटळ आहे, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 मधील आराखड्यातही अशा जुन्या चारचाकी गाड्यांसाठी 6 ते 7 टक्के घट गृहीत धरलेली होती. उलट बाजूने, इथेनॉलचा ऑक्टेनांक उंच असल्यामुळे 8.7 गुणोत्तराचे, किंबहुना फेसिंग होऊन 8.9 वर गेलेले इंजिनही ठोके देण्याचा संभव कमी होतो.

अधिक चिंतेची बाब रबराची. जुन्या गाडीतील पेट्रोलच्या नळ्या, यांत्रिक इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर इथेनॉलमुळे फुगतात, नंतर तडकतात. गळणारी नळी तापलेल्या इंजिनावर असेल तर प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळही इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. त्याशिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळे होऊन तळाला बसते आणि पत्रा आतून गंजतो.

यांपैकी कोणताही दोष इंजिन निकालात काढणारा नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवणे, एका मापाने मोठा जेट लावणे, पहिल्या काही महिन्यांत फिल्टर लवकर बदलणे आणि गाडी उभी ठेवताना टाकी भरलेली ठेवणे, एवढे उपाय पुरेसे आहेत. त्यांचा खर्च जुन्या गाडीच्या मालकावर पडतो, आणि तो मालक बहुधा पहिला नसून तिसरा किंवा चौथा असतो. पहिल्या पिढीतील मिस्त्री निवृत्त होत असताना कार्ब्युरेटरचा जेट बदलून मिश्रण जुळवून देणारा माणूस शोधणे, हे त्या खर्चाहून अवघड काम होऊन बसले आहे.